'ती' म्हणजे कोण

बाईंची नामं गेली, सर्वनामं तेवढी राहिली.

डॉक्टरांनी अर्थात हे असं सांगितलं नव्हतं. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली, त्यामुळे उजवा हात लुळा पडला आणि वाचेवर परिणाम झाला, हळूहळू सुधारेल, धीर धरा, असं ते म्हणाले होते. पण बाई घरी आल्यावर त्यांच्या नवऱ्याच्या लक्षात आलं की वाचा सगळी गेलेली नाही. 'दे', 'नको', 'इथे', 'तिथे', 'तो', 'ती', 'ते' एवढं शाबूत आहे. गेलेत ते वस्तूंचे आणि माणसांचे शब्द. पेला दिसतो, पेला हवा असतो, पण ओठांवर 'पेला' येत नाही, 'ते' येतं. ज्या बाईंनी उभी हयात शाळेत इंग्रजीचं व्याकरण शिकवलं, पोरांच्या वह्यांत 'हा he कोण? ही she कुठली?' असं लाल शाईने लिहून लिहून हात दुखवून घेतला, त्यांच्यावरच ही पाळी यावी! वर कोणी बसलेला असेल तर त्याला थट्टा करायला दुसरं माणूस सापडलं नाही.

नवरा चष्मेवाला. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण ते वाचायच्या आतच गिऱ्हाईक आत शिरून 'काय चष्मेवाले' म्हणतं, त्यामुळे त्या नावाचा उपयोग फक्त वीजबिलाला. खाली दुकान, वर घर. हयात गेली लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढण्यात. समोरच्याच्या नाकावर ती जड धातूची फ्रेम चढवायची, पेटीतली एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची आणि विचारायचं, "हे बरं की मघाचं?" गिऱ्हाईक हो-नाही म्हणत जातं आणि होता होता नेमकी काच सापडते. बाई घरी आल्यावर चष्मेवाल्यांनी हीच रीत लावली.

"ते," बाई म्हणायच्या.

"चष्मा?" मान आडवी. "पाणी?" आडवी. "खिडकी लावू?" पुन्हा आडवी. "उशी?"

मान उभी हलायची, उशी पाठीमागे जायची आणि चष्मेवाल्यांना एखाद्या अवघड डोळ्याचा नंबर निघाल्याचं समाधान व्हायचं. ह्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. बायकोच्या तोंडून 'ते' निघायचा अवकाश, ह्यांच्याकडे शब्द तयार. शेजारच्या बायका म्हणायच्या, "नवरा असावा तर असा." चष्मेवाले वरकरणी 'छे छे' म्हणायचे, पण मनातून फुलायचे.

घोडं अडलं ते एकाच शब्दापाशी. 'ती'.

हा शब्द इस्पितळातच आला होता. शुद्धीवर आल्यावर बाईंनी छताकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून, दाराकडे अर्धवट नजर टाकून म्हणाल्या, "ती?"

"सिस्टर होय? येतेच," चष्मेवाले म्हणाले आणि उठून सिस्टरला बोलवायला गेले.

वाचणाऱ्याला ताटकळत ठेवू नये, आधी नाव सांगावं आणि मग सर्वनामाने काम भागवावं, हे बाईंनीच शेकडो पोरांना शिकवलेलं. तेव्हा इथे सांगून टाकलेलं बरं. 'ती' म्हणजे चष्मेवाल्यांची बहीण. आणि हे चष्मेवाल्यांना त्या पहिल्याच क्षणी कळलं होतं. सिस्टरला बोलवायला ते उठले ते चांगलं ठाऊक असूनच उठले.

कळणार नाही तर काय! त्या घरात वर्षानुवर्षं 'ती' हा शब्द असाच म्हटला जात होता. आवाज एक पायरी खाली, नजर दाराकडे. बहिणीशी भांडण झाल्यावर चष्मेवाल्यांनी जाहीर केलं होतं, "ह्या घरात तिचं नाव नको." मग नाव गेलं. पण माणूस असं नावाबरोबर जात नाही. कुणाच्या लग्नाची बातमी कळे, कुणी आजारी असल्याचं कानावर येई, तेव्हा विषय निघेच, आणि मग बाई म्हणायच्या, "तिकडे... तिला कळलं असेल का?" त्या घरात इतर सगळ्या बायकांना नावं होती, नाती होती. नुसती 'ती' एकच होती.

भांडणाचं कारण सांगायलाच हवं, नाहीतर चष्मेवाल्यांवर अन्याय होईल. त्यांची आई शेवटच्या दिवसांत बहिणीकडे होती. चष्मेवाले रोज दुकान बंद करून तिकडे जायचे, उशाशी बसायचे आणि पेंगत परत यायचे. एका पहाटे आई गेली, आणि ह्यांना निरोप आला तो उजाडल्यावर. धावत गेले तेव्हा आईचे डोळे कुणीतरी मिटवलेले होते. "मला का उठवलं नाहीस?" असं त्यांनी चारचौघांत विचारलं. बहीण म्हणाली, "आईच म्हणाली, त्याला उठवू नकोस, दमलेला असतो." चष्मेवाल्यांना ते खरं वाटलं नाही. बहिणीने स्वतःची चूक झाकायला मेलेल्या आईच्या तोंडी वाक्य घातलं, असं ते म्हणाले. बहिणीच्याही नाकाला मिरच्या झोंबल्या, तीही नाही नाही ते बोलली. दोघंही एकाच मुशीतले. एक बोललं की दुसरं दोन बोलणार, आणि माघार म्हणून कोणी घेणार नाही. त्या दिवशी जे दार लागलं ते लागलंच.

आता, भाऊ-बहीण भांडले, एकमेकांचं तोंड बघायचं नाही म्हणाले, हे जगात नवं नाही. त्यांचं ते बघून घेतील. पण ह्या प्रकरणात एक गोष्ट चष्मेवाल्यांनी कधी नीट पाहिलीच नव्हती. बहीण आधी बाईंची मैत्रीण होती, मग त्यांची नणंद झाली. दोघी एकाच शाळेत. ही गणित शिकवायची, बाई इंग्रजी. शिक्षकांच्या खोलीत एकच टेबल, एकाच डब्यातलं खाणं, हेडमास्तरांची नक्कल दोघींनी मिळून करायची. बाईंना फळ्यावरचं स्वतःचंच अक्षर धूसर दिसायला लागलं तेव्हा बहिणीनेच त्यांना हाताला धरून भावाच्या दुकानात आणलं होतं. चष्मेवाल्यांनी एकामागून एक काचा घातल्या, "हे बरं की मघाचं?" बाई शेवटी म्हणाल्या होत्या, "मला दोन्ही सारखंच दिसतंय, पण तुम्ही इतक्यांदा विचारताय तर दुसरं म्हणते." बहीण पोट धरून हसली होती. संसार सुरू झाला तो तिथून.

भांडणानंतर बाई नवऱ्याला एकदाच म्हणाल्या होत्या, "भांडण तुमचं, आणि मैत्रीण माझी गेली." त्यावर चष्मेवाले काहीतरी पुटपुटले आणि जिना उतरून दुकानात गेले. दुकान खाली असल्याचा हा एक मोठा फायदा. बाईंनी तो विषय परत काढला नाही. पुढे बहिणीने शाळा बदलली, घर बदललं, आणि टेबलावर बाईंच्या समोर दुसरंच कोणी बसायला लागलं.

बाईंना घरी आणल्यावर बोलणं शिकवायला एक मुलगी यायला लागली. तरुण, हसरी, पाठीवर पिशवी. पिशवीत चित्रांची कार्डं, म्हणून चष्मेवाल्यांनी तिचं नाव कार्डवाली ठेवलं. ती एकेक कार्ड बाईंपुढे धरायची. किल्ली, खुर्ची, मांजर. बाई कपाळाला आठ्या घालून बघायच्या, ओठ जुळवायच्या, आणि बाईंच्या आधी चष्मेवाले मागून म्हणायचे, "किल्ली!"

"काका, कार्ड तुम्हाला नाही दाखवलं," कार्डवाली म्हणायची.

"अगं, येत नाहीये तिला."

"येऊ दे की. थांबा जरा. तुम्ही शब्द पुरवलेत तर त्या शोधतील कशाला?"

चष्मेवाल्यांना हे पटायचं आणि पुढच्या कार्डाला ते परत "मांजर!" म्हणायचे. शेवटी कार्डवालीने त्यांना गॅलरीत नेऊन सांगितलं, आणि ह्या वेळी ती हसत नव्हती. "काका, मला भीती शब्दांची नाहीये. शब्द येतील, थोडे येतील, उशिरा येतील. भीती वेगळी आहे. माणूस पुन्हा पुन्हा काही सांगतो आणि समोरच्याला ते पोचतच नाही, असं झालं ना, की तो एक दिवस सांगणंच सोडून देतो. गप्प बसणं सोपं असतं. आणि एकदा का काकू गप्प बसल्या, की त्यांना परत बोलायला लावणं माझ्याही हातात नाही."

"छे, गप्प कशाला बसेल? मास्तरीण आहे ती," चष्मेवाले म्हणाले. पण म्हणताना त्यांनी आत खोलीकडे एकदा वळून पाहिलं.

कारण 'ती' थांबत नव्हती. सकाळी, दुपारी, खाताना, केस विंचरून घेताना बाई मध्येच डोळे नवऱ्यावर रोखायच्या आणि म्हणायच्या, "तिला... तिला सांगा." चष्मेवाले लगेच पेटी उघडायचे. "भांडीवालीला? शेजारच्या वहिनींना? कार्डवालीला? तुझ्या हेडबाईंना?" मान आडवी, आडवी, आडवी. चष्मेवाले नाना नावं घेत. विसरलेल्या, परगावी गेलेल्या, वारलेल्यासुद्धा बायकांची नावं त्यांनी घेतली. एक तेवढं घेतलं नाही. इतका मेहनती नवरा, आणि आत पाणी कुठे मुरतंय हे कुणाच्या ध्यानातही आलं नसतं.

का नाही घेतलं? चष्मेवाल्यांनी स्वतःला बरीच कारणं सांगितली. बाईंच्या जिवाला त्रास होईल. ती यायची नाहीच, आणि नाही म्हणाली तर बाई खचतील. ही सगळी सारवासारव. खरं कारण एवढंच, की ती आली तर तिच्यासमोर उभं राहावं लागणार होतं. आणि एक धाक असाही होता, की बाईंना तिला सांगायचं आहे ते बहुतेक आपल्याबद्दल असणार. आजारी बायकोपुढे माणूस किती खोटं बोलू शकतो, तेही तोंडाने एकही खोटं वाक्य न उच्चारता, हे चष्मेवाल्यांकडून शिकावं.

मग एका दुपारी बाईंचा जुना विद्यार्थी भेटायला आला. आता बँकेत साहेब, पोट सुटलेलं, पण बाईंच्या लेखी तो अजून 'इट'. त्याची कथा अशी. बाई सर्वनामं पुस्तकातून शिकवत नसत, पोरांना उभं करून शिकवत. वाक्यातल्या प्रत्येक शब्दाचं एक पोर व्हायचं आणि रांगेत उभं राहायचं. जो सर्वनाम असेल त्याने आपल्या नामाच्या खांद्यावर हात ठेवायचा. हात ठेवायला खांदा नसेल तर वाक्य चूक. हा वर्गात सगळ्यांत बुटका, म्हणून बाई त्याला कायम 'इट' करायच्या.

"एकदा वाक्य होतं, मांजराने कुत्रा पाहिला आणि ते पळालं, इंग्रजीत," तो पलंगाशेजारी बसून चष्मेवाल्यांना सांगत होता. "मी 'इट'. पळालं कोण, मांजर की कुत्रा? मी आपले दोन्ही हात दोघांच्या खांद्यांवर ठेवले. बाई म्हणाल्या, दोघांना धरलंस तर वाक्य फाटेल. म्हटलं, मग कसं कळणार? तर म्हणाल्या, आधीचं वाक्य वाच. पानात आधी काहीतरी घडलेलं असतं, ते वाचल्याशिवाय इथे येऊन उभा राहू नकोस."

बाई हसल्या. आजारानंतर पहिल्यांदा मनापासून हसल्या, तोंडाची एकच बाजू वर गेली तरी. मग त्यांनी डावा हात उचलून 'इट'कडे केला आणि म्हणाल्या, "ती. तिला. तू..."

"कोण बाई? कोणाला बोलवायचंय?" 'इट' पुढे सरकला. मग वळून म्हणाला, "काका, ह्याच्या आधीचं वाक्य काय होतं?"

त्याने साधंच विचारलं. पण बाईही नवऱ्याकडे बघायला लागल्या होत्या. शाळेत फळ्याशी उभ्या असल्यासारख्या, उत्तर येतंय हे माहीत असलेल्या पोराकडे बघतात तशा.

"काय सांगू तुला, सारखं असंच चालतं. आजाराचं आहे ते," चष्मेवाले म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

'इट' गेल्यावर ते पुन्हा पलंगाशी बसले. काहीतरी तड लावायलाच हवी होती. बाई दमलेल्या होत्या, डोळे मिटत होते. चष्मेवाल्यांनी एकदा सगळी नावं घेतली, परत घेतली, आणि मग विचारलं, "आपल्या लेकीला बोलवू का? लेक हवीय ना तुला?"

बाईंनी डोळे न उघडता मान उभी हलवली.

इथे चष्मेवाल्यांचा धंदा त्यांच्या आड आला. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. पण खूप काचा दाखवल्या की शेवटी दमलेलं गिऱ्हाईक कुठल्याही काचेला 'हो, हेच बरं' म्हणतं, सुटका करून घेण्यासाठी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. असा 'हो' आला की चांगला चष्मेवाला फ्रेम काढून ठेवतो आणि म्हणतो, उद्या या. नवशिका असतो तो चष्मा बनवून देतो. चष्मेवाल्यांनी त्या दिवशी आयुष्यभराची अक्कल गुंडाळून ठेवली, तो 'हो' खरा धरला आणि लेकीला फोन लावला.

लेक नोकरी करणारी, शिकायला गेली तेव्हापासून दूरच्या शहरात राहणारी, त्यामुळे घरातली ही 'ती' तिच्या कानावर कधी पडलेली नव्हती. रजा मिळवून, प्रवास करून, सुजलेले पाय घेऊन आली. जिना चढताचढताच तिने आईला हाक मारली. बाईंनी तिला पोटाशी धरलं, तिचे गाल चाचपले, डोळे पुसले. चष्मेवाल्यांना वाटलं, चला, भागलं. मग बाईंनी लेकीच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं, थोडा वेळ तशाच बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ती?"

"अगं मी आलेय ना, आई."

"तू. हो. तू." बाईंनी तिचा हात थोपटला. "ती?"

ते दोन दिवस लेकीने आईची सेवा केली, औषधं दिली, नखं कापली. आणि बाई दर थोड्या वेळाने तिच्या अंगावरून पलीकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी चष्मेवाले स्वयंपाकघरात गेले तर लेक ओट्याला टेकून रडत होती. नळ सोडलेला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"काय झालं गं?"

"काही नाही." मग नाक पुसून म्हणाली, "बाबा, आईला मी नकोय. तुम्ही म्हणालात आई तुझी वाट बघतेय. ती दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघतेय. मी समोर बसलेय आणि ती माझ्यामागे कुणी आलंय का ते बघते. कोण आहे ती, बाबा? माझ्यापेक्षा जास्त कोण आहे आईचं?"

चष्मेवाल्यांनी तोंड उघडायची हीच वेळ होती. एक शब्द बोलले असते तर पोरीच्या मनातला काटा तिथल्या तिथे निघाला असता. ते म्हणाले, "आजाराचं आहे ते. मनाला लावून घेऊ नकोस."

लेकीने नळ बंद केला. तिला बरं वाटलेलं नाही हे दिसतच होतं. आपण स्वतःच्या पोरीला रडवलं आणि तसंच रडत ठेवलं, असं त्यांच्या मनात आलं आणि ते तिच्याकडे न बघता बाहेर आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी कार्डवाली आली. तिने किल्लीचं कार्ड धरलं. बाईंनी ते डाव्या हाताने घेतलं, पालथं केलं आणि पांघरुणावर ठेवून दिलं. तिने खुर्ची दाखवली. तेही पालथं. चष्मेवाले मागे उभे होते, तोंड मिटून, कारण पहिल्यांदाच त्यांना काही सुचत नव्हतं. कार्डवालीने विचारलं, "काकू, काय हवंय? सांगा ना, कसंही सांगा." बाई भिंतीकडे बघत राहिल्या. 'ते' नाही, 'नको' नाही, 'ती'सुद्धा नाही. मान आडवीही नाही आणि उभीही नाही.

जाताना कार्डवाली जिन्यात थांबली आणि मग उतरून गेली. बोलण्यासारखं तिने आधीच सांगितलेलं होतं.

चष्मेवाले खाली दुकानात गेले. सवयच ती. शटर अर्धं वर, खुर्च्यांवर धूळ, काचांची पेटी उघडीच. ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. इतकी वर्षं त्यांनी 'नंतर' म्हणून सगळं बाजूला ठेवलं होतं, आणि बाई बोलतच राहणार हे गृहीत धरलं होतं. आज त्यांना पहिल्यांदा खरी भीती वाटली. बहिणीची नाही, तिच्यासमोर उभं राहण्याचीही नाही. वरच्या खोलीत एक माणूस आहे, त्याला अजून थोडे शब्द उरलेत, आणि ते शब्द आपल्यामुळे बंद पडताहेत, ही भीती. बाईंनी 'ती' म्हणून त्यांच्याकडे पाहिलं त्या प्रत्येक वेळी, आपल्याला कळलंय हे बाईंनाही कळत असणार, हेही त्यांना तिथेच उमगलं. इतक्या वर्षांचा संसार, तिला कळत नसेल?

ते जिना चढून वर आले. लेक खिडकीशी पिशवी भरत होती. चष्मेवाले पलंगावर बाईंच्या डाव्या बाजूला बसले. ह्या वेळी नावं घेतली नाहीत. म्हणाले, "माझी बहीण."

बाईंनी भिंतीवरून नजर काढली.

"माझ्या बहिणीला बोलवायचंय तुला," ते म्हणाले. आवाज खाली न आणता.

आता बाई रडतील, हसतील, हात धरतील, असं काहीसं त्यांना वाटलं असावं. बाईंनी चांगला हात उचलला आणि त्यांच्या दंडावर मारला. जोर नव्हता त्या हातात, पण राग होता. परत मारला. "तुम्ही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला... माहीत. माहीत!"

"हो," चष्मेवाले म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

खिडकीशी लेकीच्या हातातला कपडा तसाच राहिला. "आत्या?" ती म्हणाली. "आई आत्याला बोलवत होती? आणि तुम्हाला ठाऊक होतं? बाबा, मी काल विचारलं तुम्हाला!"

"विचारलंस."

"मग?"

लेकीने वडिलांकडे असं कधी पाहिलं नव्हतं, आणि चष्मेवाल्यांनी ते मुकाट्याने सोसलं. बाई अजून त्यांच्या दंडाला धरून होत्या. मारून झाल्यावर हात तिथेच राहिला होता.

बहिणीचा नंबर त्यांना पाठ होता. विसरायचा बराच प्रयत्न करून झाला होता. त्यांनी फोन लावला आणि घंटा वाजत असताना एक वेडी आशा धरली की नंबर बदललेला असेल.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. म्हातारा झालेला, पण तोच.

"मी," चष्मेवाले म्हणाले.

"मी कोण?"

एके काळी ह्या आवाजाला 'मी' एवढं पुरत असे. जिन्यातून नुसती खोकल्याची चाहूल लागली तरी बहीण आतून ओळखायची. आता ती खरंच ओळखत नव्हती, की ओळखूनही विचारत होती, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. दोन्हींतलं काहीही असलं तरी तिचा तो हक्कच होता. त्यांनी डोळे मिटले.

"तुझा भाऊ."

पलीकडे कुणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. चष्मेवाल्यांनी मनात जुळवलेली वाक्यं, आईबद्दलची, त्या पहाटेबद्दलची, सगळी तोंडाशी आली.

"ती कशी आहे?" बहिणीने विचारलं.

कोण ती, हे चष्मेवाल्यांनी विचारलं नाही. बहिणीलाही ते सांगावं लागलं नाही. ते उत्तर द्यायला लागले, हात असा आहे, बोलणं असं आहे, डॉक्टर म्हणतात, असं सगळं जिभेवर आलंही. आणि मग ते थांबले. बायकोच्या वतीने बोलत आलो ते पुष्कळ झालं, असं त्यांना वाटलं. त्यांनी फोन बाईंच्या कानाला लावला.

बाईंनी डाव्या हाताने तो घट्ट धरला. ओठ जुळवले. परत जुळवले. चष्मेवाल्यांना त्यांना हवा असलेला शब्द दिसत होता, बहिणीचं नाव होतं ते, सोपं, दोन अक्षरी. ते त्यांच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. त्यांनी दात ओठांवर घट्ट दाबून धरले.

"तू," बाई म्हणाल्या. आणि बऱ्याच वेळाने, "ये."

पलीकडून काय उत्तर आलं ते खोलीत ऐकू आलं नाही. पण बाईंचा चेहरा बदलला आणि त्या "हं" म्हणाल्या, मग "हं, हं" म्हणाल्या, मग तोंडाच्या एका बाजूने हसल्या. पलीकडची बाई बोलत होती, न थांबता, आणि अलीकडची ऐकत होती, आणि मध्येच 'ते', 'तिथे', 'नको' असं काहीतरी म्हणत होती, ज्याचा अर्थ त्या खोलीत कुणालाच लागत नव्हता. पलीकडे लागत असावा, कारण बोलणं अडत नव्हतं. लेकीने पिशवी खाली ठेवली आणि आईच्या पायाशी येऊन बसली. दोघी किती वेळ बोलत होत्या कुणास ठाऊक. चष्मेवाले शेजारी बसून राहिले आणि त्यांनी मध्ये एकही शब्द टाकला नाही.